किल्ली कुरिअरने येणार असेल तर ती रूम सोडून दे

पत्र असं आहे:

"ताई, मी ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर म्युनिकला चाललेय. अ‍ॅडमिशन झालं, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, पण राहायची जागा अजून नाही. तिथल्या होस्टेलच्या वेटिंग लिस्टवर आहे, ऑगस्टमध्ये कळवू म्हणतात. मध्ये एक रूम सापडली, श्वाबिंगमध्ये, युनिव्हर्सिटीपासून चालत दहा मिनिटं, सगळं धरून ४२० युरो, फोटो एकदम मस्त. मालक नोकरीसाठी इंग्लंडला असतो, तो म्हणतो दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठव, किल्ली कुरिअरने पाठवतो, रूम आवडली नाही तर पैसे परत. त्याने स्वतःचा पासपोर्ट पाठवला आणि माझा मागितला, मी पाठवला. आता म्हणतो शुक्रवारपर्यंत पैसे आले नाहीत तर दुसऱ्याला देतो. दुसरी रूम आहे गीझिंगमध्ये. तिथली मुलगी पाच महिने लिस्बनला एक्स्चेंजवर जातेय, तिची १२ चौरस मीटरची रूम, ६८० युरो. व्हिडिओ कॉलवर बोललो, चांगली वाटली, पण पत्ता रजिस्टर करण्याबद्दल विचारलं तर 'बहुतेक होईल' एवढंच म्हणाली. बाबा म्हणतात स्वस्त आणि जवळची घे, घोळ नको. आई म्हणते जागा नक्की झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, तिकीट २७ सप्टेंबरचं बघून ठेवलंय. रात्री झोप येत नाही. काय करू? – गोंधळलेली"

अगं, सगळ्यात आधी, त्या श्वाबिंगवाल्याला एक युरोसुद्धा पाठवू नकोस. बाकीचं पत्र वाचायच्या आधीच हे सांगावंसं वाटलं म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं.

तो फसवतोय हे मी एवढ्या खात्रीने का म्हणतेय ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तुलाच ओळखता येईल. म्युनिक हे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे, तिथे शेअर्ड फ्लॅटमधल्या एका रूमला साधारण ८०० युरोच्या आसपास पडतात, पूर्ण जर्मनीची सरासरीच आता ५०० च्या घरात गेलीये, आणि श्वाबिंग म्हणजे युनिव्हर्सिटीला लागून असलेला, सगळ्यांना हवा असलेला भाग. तिथे ४२० मध्ये फर्निचरसकट रूम खरंच असती तर ती तुझ्यापर्यंत पोचलीच नसती, जाहिरात टाकल्यावर तासाभरात शंभर मेसेज आले असते आणि त्याला तिथेच कोणीतरी मिळालं असतं. मालक परदेशात, रूम दाखवायला कोणी नाही, किल्ली कुरिअरने, आवडलं नाही तर पैसे परत, शुक्रवारची मुदत, हा सगळा एकच साचा आहे गं, वर्षानुवर्षं चाललाय, फक्त कधी तो इंग्लंडला असतो, कधी नॉर्वेला, कधी मुलीच्या ट्रीटमेंटसाठी कुठेतरी गेलेला असतो. काही जण तर एखाद्या मोठ्या बुकिंग साइटसारखं हुबेहूब पान बनवून पाठवतात, की पैसे आमच्याकडे नाही साइटकडे सुरक्षित राहतील म्हणून. तसली लिंक आली तरी उघडू नकोस.

आणि त्याने पाठवलेला पासपोर्ट. तो खरा असेलही, पण त्याचा नसणार. तुझ्यासारख्याच कोणीतरी विश्वासाने पाठवलेला पासपोर्ट तो तुला दाखवतोय, आणि म्हणूनच तुझा पासपोर्ट त्याच्याकडे गेलाय ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली. घाबरून जाऊ नकोस पण आजच थोडं काम कर. सगळं चॅट, मेल, जाहिरातीची लिंक, त्याने दिलेला अकाउंट नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, ज्या साइटवर जाहिरात होती तिथे रिपोर्ट कर, आणि सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवून त्याची कॉपी जपून ठेव, म्हणजे उद्या तुझ्या नावावर कोणी काही उद्योग केला तर आधीच कळवलं होतं हे तुला दाखवता येईल. यापुढे कोणालाही आयडी पाठवायची वेळ आली तर पासपोर्ट नंबर झाकायचा आणि कॉपीवर आडवं मोठ्या अक्षरात लिहायचं की ही फक्त अमुक पत्त्यावरच्या रूमसाठी, अमुक तारखेला दिली. आणि तेही कॉन्ट्रॅक्ट करायच्या वेळी. नुसती रूम बघायला पासपोर्ट लागत नाही.

आता गीझिंगची रूम. मला ती आवडली. ६८० जास्त वाटतात, मला कळतंय, पण म्युनिकच्या मानाने हा खरा आकडा आहे, आणि खरं सांगायचं तर तिची गोष्ट जुळते. तू जशी एका सेमिस्टरसाठी तिकडे निघालीयेस तशीच तिथली शेकडो मुलं त्याच महिन्यांत लिस्बनला, माद्रिदला, कुठे कुठे जातात, आणि त्यांना स्वतःची रूम सोडायची नसते कारण परत आल्यावर दुसरी मिळणार नाही, म्हणून ती तेवढ्या महिन्यांसाठी देतात. याला ते त्स्विशनमीटे म्हणतात, म्हणजे मधल्या काळापुरतं भाड्याने. एक्स्चेंजवाल्यांसाठी याच्याएवढी सोयीची गोष्ट नाही, कारण तारखा जवळपास जुळतात आणि बेड, टेबल, कपाट, गादी सगळं असतं. नाहीतर जर्मनीत बिनफर्निचरचा फ्लॅट म्हणजे कधीकधी किचनचा ओटासुद्धा नसतो, नुसत्या भिंतीतून बाहेर आलेले पाइप. पाच महिन्यांसाठी कोण घेणार ते. त्यामुळे ही रूम हुकली तरी वेगे-गेझुख्ट या साइटवर शोधताना 'मर्यादित काळासाठी' हा फिल्टर लाव, सप्टेंबरपर्यंत अशा रूम येत राहतात. (वेगे म्हणजे शेअर्ड फ्लॅट, तिथे सगळे हाच शब्द वापरतात.)

पण तिचं ते "बहुतेक होईल" तसंच सोडून द्यायचं नाही. पत्ता रजिस्टर करण्याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावं लागतं, कायदाच आहे तसा, आणि त्यासाठी जागा देणाऱ्याच्या सहीचं एक पानभर सर्टिफिकेट लागतं, त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. ते नसेल तर पुढचं सगळं अडतं, टॅक्सचा नंबर त्याच पत्त्यावर येतो, रेसिडन्स परमिटचं काम त्याच्यावर अवलंबून, बऱ्याच बँकाही तेच मागतात.

हे मी वाचून नाही सांगत आहे. मी जर्मनीत एका सेमिस्टरसाठी गेले होते तेव्हा पहिली रूम अशीच घेतली होती, आनमेल्डुंगचं बघू नंतर म्हणून, आणि ज्याची जागा होती तो शेवटपर्यंत आज करतो उद्या करतो करत राहिला कारण त्याने स्वतःच्या मालकाला न सांगता रूम दिलेली होती. त्याला माझं नावही कुठे दिसायला नको होतं. आता बघ, जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतात, पोस्टमन बेलवरचं आणि लेटरबॉक्सवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. माझं आडनाव कुठेच नाही म्हटल्यावर माझ्या बँक कार्डाचं पत्र आलं आणि परत गेलं, मग पिनचं आलं ते पण परत गेलं, तीन आठवडे मी इकडून नेलेल्या कॅशवर काढले. शेवटी एका रात्री मीच कागदाची बोटभर पट्टी कापून, आडनाव लिहून, सेलोटेपने लेटरबॉक्सवर चिकटवली, तर दुसऱ्या दिवशी त्याने ती ओरबाडून काढलेली, अर्धी टेप तशीच चिकटलेली होती. त्या लेटरबॉक्ससमोर उभं राहून मी रडलेय. म्हणून म्हणते, जिथे तुझं नाव लेटरबॉक्सवर लावू देणार नाहीत तिथे जाऊ नकोस, रूम कितीही छान असली तरी.

तर लिस्बनवालीला आज रात्रीच लिही, नीट आणि गोड भाषेत, तिच्यावर संशय घेतल्यासारखं नको. दोनच गोष्टी विचार. एक, तिच्या मालकाची रूम पुढे भाड्याने द्यायला लेखी परवानगी आहे का, कारण भाडेकरूने दुसऱ्याला रूम द्यायची तर मालकाला विचारावं लागतं, आणि एक्स्चेंजला जातेय हे कारण योग्यच आहे, बहुतेक मालक हो म्हणतात. दुसरं, ती सर्टिफिकेटवर सही करेल का. तिला कदाचित माहीत नसेल की अशा वेळी मालकाने सही करायची गरज नसते, जी मूळ भाडेकरू आहे आणि जिने तुला रूम दिली तीच जागा देणारी धरली जाते, ती स्वतः सही करू शकते. निम्म्या वेळा हे "बहुतेक"चं कारण एवढंच असतं की समोरच्या बावीस वर्षांच्या मुलीलाही कुठलं ऑफिस, कुठला फॉर्म काही माहिती नसतं. हे दोन्ही मेलवर आलं की रूम पक्की समज.

शक्य असेल तर पैसे देण्याआधी म्युनिकमध्ये आत्ता असलेल्या कोणाला तरी तिथे जाऊन यायला सांग, वीस मिनिटं लागतात. तुझ्या कॉलेजच्या एक्स्चेंज ऑफिसला विचार की मागच्या वर्षी कोण गेलं होतं, कोण अजून तिथे आहे, नाहीतर तिथल्या युनिव्हर्सिटीत बडी प्रोग्रॅम असतो, इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कची मुलं असतात, ती अशी मदत अगदी आनंदाने करतात, फक्त विचारायला संकोच करू नकोस. कोणीच नसेल तर तिला परत व्हिडिओ कॉलवर घे आणि फोन हातात धरून बिल्डिंगच्या दारापासून रूमपर्यंत चालायला सांग, बेलवरच्या नावांसकट. खरी मुलगी हसत हसत दाखवेल. आणि घरातल्या बाकीच्या दोघा-तिघांशीही बोलून घे, पाच महिने तू त्यांच्याबरोबर राहणार आहेस.

पैशांचं बघ. डिपॉझिटला तिथे काउत्सिओन म्हणतात, आणि कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं, काल्टमीटे म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे न धरता नुसतं भाडं, सगळं धरून होतं ती वार्ममीटे. तिला विचार ६८० मध्ये काय काय धरलंय, वीज आणि इंटरनेट आहे का, आणि रेडिओ-टीव्हीची फी, ती महिन्याला १८.३६ युरो आणि माणशी नाही तर घरामागे एकच, त्यामुळे तुझ्या वाट्याला चार ते सहा युरो यायला हवेत. डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टवर दोघींच्या सह्या झाल्यावर, तिच्याच नावाच्या बँक अकाउंटवर, ट्रान्सफरनेच. वेस्टर्न युनियन, क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, मैत्रिणीच्या अकाउंटवर टाक, असलं काही निघालं तर तिथेच थांबायचं, मग ती कितीही गोड बोलत असू दे. कॉन्ट्रॅक्टवर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती भाडं, किती डिपॉझिट आणि ते कधी परत, एवढं स्पष्ट हवं.

इथे एक गोष्ट बाबांना दाखव, कारण बऱ्याच घरांत इथेच गणित चुकतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला ९९२ युरोप्रमाणे, म्हणजे वर्षाचं धरलं तर ११,९०४, असे पैसे ठेवतो, आणि आपल्याला वाटतं चला राहण्याखाण्याची सोय झाली. पण ते पैसे महिन्याचे महिन्यालाच सुटतात, आणि तेही तिथे पोचून अकाउंट चालू झाल्यावर. डिपॉझिट, पहिलं भाडं, पहिल्या काही दिवसांचा मुक्काम हे सगळं त्याच्या आधी लागतं, म्हणजे किमान दोन हजार युरो वेगळे हवेत. काही ब्लॉक्ड अकाउंटवाले वरती जास्तीची रक्कम ठेवायची सोय देतात, ती पहिल्या हप्त्याबरोबर एकदम मिळते, तुझं अकाउंट उघडायचं असेल तर हे आधीच विचार. आणि ९९२ मधून ६८० गेले, हेल्थ इन्शुरन्सचे दीडशेच्या आसपास गेले, की हातात किती उरतात ते मांडून बघा, म्हणजे घरून महिन्याला थोडे पाठवावे लागतील का हे आत्ताच ठरेल, नोव्हेंबरात फोनवर नाही.

होस्टेलचा अर्ज मात्र अजिबात मागे घेऊ नकोस. ते युनिव्हर्सिटीचं नसतं हे लक्षात ठेव, श्टुडिरेंडनवेर्क नावाची वेगळी संस्था चालवते, त्यामुळे अ‍ॅडमिशन मिळालं म्हणजे रूम मिळाली असं होत नाही. म्युनिकमध्ये सरळ रांगेत उभं राहिलं तर एक सेमिस्टर काय, त्याहून जास्त वाट बघावी लागते, २०२१ मध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या वसाहतीत आग लागली आणि नंतर काही इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, तेव्हापासून आणखीच ओढाताण आहे. तुझी आशा रांगेत नाही, एक्स्चेंजवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या रूम्समध्ये आहे, आणि त्या इंटरनॅशनल ऑफिस वाटतं. तर त्यांना एक साधा मेल टाक की माझं नाव राखीव कोट्यात आहे ना, की नुसत्या वेटिंगवर. हे दोन वेगळे फॉर्म असू शकतात आणि मुलं एकच भरून निवांत बसतात.

ऑगस्टमध्ये होस्टेल मिळालं आणि तोवर गीझिंगचं कॉन्ट्रॅक्ट झालेलं असेल तर? तर गीझिंगलाच राहा. ठरावीक मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट मध्येच सोडता येत नाही, त्या मुलीची अडचण होईल आणि तुला दोन्हीकडे भाडं भरावं लागेल. होस्टेलच्या रूमचं पण तेच, मुदत बऱ्याचदा मार्च अखेरपर्यंत असते आणि लेक्चर्स फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतात, म्हणजे स्वस्त दिसणाऱ्या रूमचं दीड महिन्याचं भाडं तू घरी बसून भरशील. हा हिशोब कोणी सांगत नाही.

आता तिकीट. २७ सप्टेंबर नको गं. ऑक्टोबरफेस्ट नावाने ऑक्टोबरचा असला तरी सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो, तू बरोबर त्याच्या मधोमध उतरणार. त्या दिवसांत म्युनिकमध्ये साध्या टुरिस्ट हॉस्टेलच्या बारा जणांच्या खोलीतला बेडसुद्धा हॉटेलच्या भावाने जातो, मिळाला तर. सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यावर. ओरिएंटेशन कधी आहे ते बघ, आणि जमत असेल तर थेट रूम मिळेल त्या दिवशी सकाळी उतर. नाहीच जमलं तर आउग्सबुर्गला मुक्काम कर, ट्रेनने पाऊण तासाच्या आत म्युनिक येतं आणि राहायला परवडतं. किंवा लिस्बनवालीलाच विचार, ती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गेली असेल तर रूम रिकामीच पडलेली असेल, चारपाच दिवसांचे पैसे घेऊन देईलही.

आईचं म्हणणं मला पटतं, पण थोडं वेगळ्या पद्धतीने. शेवटच्या दिवसापर्यंतची जागा नक्की व्हायलाच हवी असं नाही, पहिल्या दोन आठवड्यांचं छप्पर मात्र नक्की हवं. जी मुलं "घर" शोधत बसतात तीच घाईत त्या श्वाबिंगसारख्या जाळ्यात जातात, आणि जी आधी मुक्काम ठरवतात, मग तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून रूम घेतात, ती क्वचितच फसतात. गीझिंगचं काही कारणाने फिसकटलं तर आईला हे सांग, दोन आठवडे टुरिस्ट हॉस्टेल किंवा आउग्सबुर्ग, आणि रोज दोन रूम बघायच्या. सेमिस्टरच्या सुरुवातीला बरेच विद्यार्थी असेच अडकलेले असतात, तेव्हा काही विद्यापीठांच्या गावांत स्टुडंट युनियनवाले तात्पुरती गाद्यांची सोयसुद्धा करतात. चर्च आणि ट्रस्ट चालवतात अशी छोटी होस्टेलंही म्युनिकमध्ये पुष्कळ आहेत, त्यांचे अर्ज वेगळे, थेट त्यांच्याकडे, आणि फार कोणाला माहीत नसतात.

रूमवर पोचलीस की बॅग उघडायच्या आधी फोटो काढ, भिंती, खिडकीच्या कडा, गादी, जमिनीवरचे डाग, सगळे, आणि तिला त्याच दिवशी मेलवर पाठव. किती किल्ल्या मिळाल्या ते पण लिही, आणि किल्ली जप, तिथे बऱ्याचदा एकच किल्ली खालचं दार आणि घराचं दार दोन्ही उघडते, हरवली तर पूर्ण बिल्डिंगची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून लायबिलिटी इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) घे आणि त्यात हरवलेली किल्ली धरलीये का बघ. हिवाळ्यात रोज दोनतीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच मिनिटं हवा येऊ द्यायची, कितीही थंडी असली तरी, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून जाते. परत येताना तिथलं बँक अकाउंट लगेच बंद करू नकोस, डिपॉझिट परत यायला महिने लागू शकतात.

शुक्रवारी त्याचा मेसेज येईलच, तुझ्यासाठी अजून दोन दिवस थांबतो म्हणून, कदाचित भाडंही कमी करेल. उत्तर देऊ नकोस, ब्लॉक कर. आणि लिस्बनवालीचं काय उत्तर आलं ते मला नक्की कळव, कॉन्ट्रॅक्ट जर्मनमध्ये असेल तर ते पण पाठव, सही करायच्या आधी आपण दोघी मिळून ओळ न् ओळ बघू.